छत्तीस आडवे दरवाजे

आदरणीय दादा,

नमस्कार. गुडघा आता जिने चढू देतो का, ते कळवा. आम्ही सगळे बरे आहोत.

घरातली मांडणी, धाकटीचं अभ्यासाचं टेबल, गच्चीचं दार आणि दरवाजांच्या कारखान्याचा अख्खा प्रोग्राम, एवढ्या वस्तू मी स्वतःच्या हातांनी केल्या (गच्चीचं दार घासतं असं तुमची बहीण म्हणते, तो हवेतला दमटपणा आहे). शिकवायला कोणी नव्हतं.

तर तो प्रोग्राम नव्यानं लिहायला घेतला. हल्ली एक लायब्ररी मिळते (पुस्तकांची नव्हे, तयार प्रोग्रामांची). प्रोग्राममधला दरवाजा आणि डेटाबेसमधला त्याचा तक्ता यांची गाठ ती परस्पर घालून देते. नावं जुळली तर आपण काहीच करायचं नाही. माझी जुळत नाहीत, कारण अठरा वर्षांपूर्वी मी रकान्यांना माप१, माप२ अशी सुटसुटीत नावं दिली होती. मग प्रत्येक गोष्टीवर अ‍ॅट्रिब्यूट म्हणून एक चिठ्ठी डकवावी लागते: ही उंची, हिचा रकाना अमुक. अशा दोनशे चौदा चिठ्ठ्या मी लिहिल्या. दोनशे बारा अचूक. उरलेल्या दोन म्हणजे उंची आणि रुंदी.

कापायचं यंत्र आलेलं माप कापतं, विचार करत नाही. छत्तीस दरवाजे तयार झाले, सात फूट रुंद, तीन फूट उंच. मिस्त्रींनी त्यातला एक माझ्यापुढे उभा केला (म्हणजे आडवाच) आणि शांतपणे विचारलं, “साहेब, या घरात सगळे रांगतच येणार का?”

मालक म्हणाले, बाहेरची कंपनी बोलावतो. मी आठ दिवस मागून घेतले. टेप घेऊन एकेक चिठ्ठी खऱ्या दारावर पडताळली. शिवाय पदरची एक नवी चिठ्ठी बनवली: ती उंचीवर डकवली की रुंदीहून कमी उंची प्रोग्राम साठवूनच घेत नाही. (आता तो खिडक्याही घेत नाही. त्याचंही बघतो आहे.) हे काम मीच पुरं करणार.

वहिनींना नमस्कार.

तुमच्या बहिणीचे यजमान

ता. क. आठ दिवस काल संपले. मालकांनी आणखी चार दिलेत, तोंड वाकडं करून.

ता. क. २. खरं काम आता लिहितो. त्या कंपनीचे गृहस्थ घरी येऊन गेले. माप१ म्हणजे काय, हा त्यांचा पहिलाच प्रश्न, तेव्हा त्यांच्या देकाराला मी सरळ नाही म्हटलं. तुमच्या बहिणीनं चहा दिला, पण बोलणं तिच्या कानावर गेलेलं नाही. तुमचं ती ऐकते. मी नाही म्हटलं, तेवढं तुम्हीच तिला सांगा. जुने तक्ते त्यांच्या हवाली करायचे, पुन्हा हात लावायचा नाही, आणि एकरकमी चार लाख ऐंशी हजार घ्यायचे, असं ते म्हणत होते.