साखऱ्याची वाटी

मी, खाली सही करणारा, धंद्याने न्हावी, वय पंच्याहत्तर, गल्लीत 'वस्तरा' या नावाने ओळखला जाणारा (हत्यारामुळे नव्हे, जिभेमुळे), आज पूर्ण शुद्धीत आणि अक्कलहुशारीने, कोणी दटावल्याशिवाय आणि कोणी गोड बोलल्याशिवाय, माझ्या पश्चात माझ्या चीजवस्तूंचे काय करायचे ते लिहून ठेवतो. दटावणाऱ्यांना मी कधी भीक घातली नाही. गोड बोलणाऱ्याने मात्र मला एकदा पुरते बुडवले आहे, म्हणून ते शब्द मुद्दाम घातले. वकीलबाई म्हणाल्या, "काका, हे लिहायची गरज नाही." मी म्हटलं, "तुम्हाला नसेल. मला आहे."

कलम पहिले : गाळा.

माझे केशकर्तनालय ज्यात आहे तो गाळा माझ्या स्वकमाईचा असून त्यावर कोणाचा बोजा नाही. वकीलबाईंनी चतुःसीमा विचारल्या. आज पाहायला गेले तर पूर्वेस मॉलची भिंत, पश्चिमेस मॉलची भिंत, दक्षिणेस त्याच मॉलची गाड्या लावायची जागा आणि उत्तरेस रस्ता, रस्त्यापलीकडेही मॉलच. रजिस्टर कचेरीसाठी हे पुरे आहे. पण मी ज्या गाळ्यात उमेदीची वर्षे घालवली त्याच्या चतुःसीमा या नव्हेत. त्या खाली देतो, त्यांनी कोणाचे नुकसान होत नाही.

पूर्वेस फोटो स्टुडिओ. फोटोवाला स्वतः कधी हसला नाही, पण गिऱ्हाइकाला "हसा, हसा" म्हणून हैराण करायचा. लग्नाच्या मुलामुलींचे फोटो त्याच्याकडे निघायचे, आणि मुलगा असेल तर तो आधी माझ्या खुर्चीत बसून मग तिकडे जायचा. कितीतरी संसार आम्ही दोघांनी मिळून जमवले.

पश्चिमेस सायकलवाला. तासावर सायकली द्यायचा. उशीर झाला की पोरांना ओरडायचा आणि पोर रडवेले झाले की त्यालाच पुढच्या नळीवर बसवून एक चक्कर मारून आणायचा. पंक्चर काढताना गाणी म्हणायचा, सगळी बेसूर.

दक्षिणेस, म्हणजे माझ्या मागच्या भिंतीपलीकडे, वाचनालयवाल्या बाई. पुस्तक उशिरा आणले तर दंड घ्यायच्या नाहीत, गोष्ट काय होती ते विचारायच्या. ज्याला सांगता यायची नाही त्याला तेच पुस्तक पुन्हा घेऊन जावे लागायचे. भिंत पातळ होती. कितीतरी गोष्टी मी न वाचता, दाढी करता करता ऐकल्या.

उत्तरेस रस्ता आणि रस्त्यापलीकडे, बरोबर नाक्यावर, साखऱ्याचे हॉटेल. चहात साखर जास्त टाकायचा म्हणून साखऱ्या. त्याच्या बाकड्यांवर आख्खे गाव बसून गेले. मॅचचा स्कोअर तिथे कळायचा, कोणाचे कोणाशी फाटले तेही तिथेच कळायचे. माझ्या आरशात त्याचे हॉटेल दिसायचे. गिऱ्हाइकाचे केस कापताना मी आरशातूनच दोन बोटे दाखवायचो आणि तो समोरून दोन चहा पाठवायचा. इतकी वर्षे हाक मारायची वेळ आली नाही.

हा गाळा मी माझ्या धाकट्या मुलीला देत आहे. दुसऱ्या खुर्चीवर ती माझ्या बरोबरीने उभी राहिली. पहिल्यांदा गिऱ्हाईक तिला पाहून "काका कुठेत?" म्हणायचे, आता मला पाहून "ताई नाहीत का?" म्हणते. त्याचे मला वाईट वाटत नाही. थोडे वाटते. तिने गाळा विकू नये अशी अट मला घालायची होती. वकीलबाई म्हणाल्या, "अशी अट टिकत नाही, काका." मी म्हटलं, "या गल्लीत दुसरं तरी काय टिकलं?" तर अट नाही. तिच्यावर विश्वास टाकतो. विश्वास टाकायची माझी सवय जुनी आहे आणि त्या सवयीने मला आजवर फारसे सुख दिलेले नाही, तरीही.

कलम दुसरे : थोरला मुलगा.

राहते घर थोरल्या मुलाला. त्याला गाळाही हवा होता हे मला ठाऊक आहे. माझ्या डोळ्याचे ऑपरेशन झाले तेव्हा मी डोळ्याला पट्टी बांधून दुकानात बसलो होतो. हा टेप घेऊन आला आणि मापे घेऊ लागला. मी विचारलं, "काय रे, काय चाललंय?"

"काही नाही बाबा, फरशी बदलावी म्हणतो."

फरशीसाठी छताची उंची मोजत नाहीत. पट्टी एका डोळ्याला होती, दुसऱ्याने मला चांगले दिसत होते. पोटच्या पोराने असे करावे याचे दुःख झाले, पण धक्का बसला नाही. धक्क्यांचा माझा कोटा साखऱ्याने आधीच संपवला होता. मुलाने राग धरू नये. घर चांगले आहे, वरच्या टाकीचे झाकण मात्र बदलून घ्यावे.

कलम तिसरे : हत्यारे, खुर्च्या, आरसा.

कात्र्या, वस्तरे, धार लावायचा चामडी पट्टा आणि दोन्ही खुर्च्या मुलीला. पहिल्या खुर्चीची डोके टेकायची उशी डावीकडे कलते. ती दुरुस्त करू नये, म्हाताऱ्या गिऱ्हाइकांच्या माना त्याच बाजूला वळल्या आहेत. आरसा जिथे आहे तिथेच ठेवावा. त्यात आता मॉलचा जिना दिसतो, आपोआप वर जाणारा. लोक त्यावर नुसते उभे राहतात. ते पाहायची सवय मला लागली नाही, तिला लागेल.

कलम चौथे : साखऱ्या.

हे कलम वाचून दाखवताना वकीलबाईंनी घाई करू नये.

मॉलवाल्यांची माणसे पहिल्यांदा आली तेव्हा आम्ही सगळे साखऱ्याच्या हॉटेलात जमलो होतो. फोटोवाला, सायकलवाला, वाचनालयवाल्या बाई, मी. त्या दिवशी साखऱ्यानेच टेबलावर हात आपटून म्हटले, "विकायचं तर सगळ्यांनी, नाहीतर कोणीच नाही. एकट्याने जाईल तो आपला नाही." कागद केला नाही. कोणाला सुचलेच नाही. आमच्यात बोललेले पुरत असे.

आमच्या गल्लीची एक रीत होती. कोणाच्या घरी शुभकार्य असले की त्या माणसाची दाढी माझ्याकडून, पैसे न घेता. साखऱ्याची दाढी शनिवारी असायची. एकदा तो मंगळवारी सकाळीच आला. इस्त्रीचा शर्ट, पायात नवे बूट.

मी विचारलं, "आज कसा काय? वार चुकलास?"

"भाचीचं लग्न ठरवायला जायचंय. जरा चांगली कर."

मी चांगली केली. दोनदा फेस लावला. मिशीची टोके सारखी केली. फक्त नवरदेवांसाठी ठेवलेले अत्तर बाहेर काढले. तो पैसे देऊ लागला तर मी त्याच्या हातावर चापट मारली. "लग्नाचं आहे ना? मग?" त्याने पैसे खिशात ठेवले आणि आरशात न बघता उठला. दाढी झाल्यावर आरशात न बघणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. तेव्हाच कळायला हवे होते.

तो गेला तो सरळ रजिस्टर कचेरीत. नाक्यावरची जागा त्यांना आधी हवी होती. ती मिळाली आणि बाकीच्यांच्या हातातला जोर गेला. आठवडाभरात हॉटेलभोवती पत्रे लागले. मी आरशातून दोन बोटे दाखवली आणि समोर पत्रा होता. साखऱ्याने माझा केसाने गळा कापला, आणि तोही मी त्याच्या गळ्यावरून वस्तरा फिरवत असताना. आणि त्याला भाची नाही हे माझ्या कसे लक्षात आले नाही, याचा राग मला अजून येतो. त्याला बहीणच नाही.

पुढे एकेकाचे तेच झाले. फोटोवाला अवेळी दाढीला आला, मी काही विचारले नाही. सायकलवाला आला, गाणे म्हणत नव्हता. त्यांना मी दोष देत नाही, वाट आधीच कोणीतरी पाडून ठेवली होती. बाईंना दाढीला यायची सोय नव्हती. त्यांनी माझ्या मागच्या भिंतीवर दोनदा टकटक केली आणि गेल्या.

नेहमीच्या गिऱ्हाइकाची साबणाची पितळी वाटी आणि ब्रश माझ्या फळीवर वेगळा असतो. गल्ली सोडताना जो तो आपली वाटी घेऊन गेला. साखऱ्याची अजून आहे. तो न्यायला आला नाही आणि मी फेकली नाही. न फेकण्याचे कारण मला विचारू नये. मॉलमध्ये काचेचे सलून आहे, तिथे गारव्यात बसून तो दाढी करून घेताना मी पाहिला आहे. गालावर ओरखडा होता. मला बरे वाटले.

तर ही वाटी आणि ब्रश मी साखऱ्याला देत आहे. अट एकच : त्याने ती स्वतः येऊन न्यावी, पहिल्या खुर्चीत बसावे आणि त्या मंगळवारी तो कुठे गेला होता ते आरशात बघून माझ्या मुलीला सांगावे.

कलम पाचवे : माझ्या मागे शोकसभा घेऊ नये. जमायला जागाच उरलेली नाही.

पुरवणी, सहीच्या दिवशी लिहिलेली.

वकीलबाई म्हणाल्या, दोन साक्षीदार लागतील, आणि थोरल्याने कज्जा केला तर त्यांना कोर्टात उभे राहून सांगावे लागेल की हे खरे आहे. कोणाची नावे घालू म्हणून त्यांनी विचारले. मी साखऱ्याला निरोप धाडला. येईल असे वाटले नव्हते. आला. दाढी वाढलेली, चपला झिजलेल्या. मी त्याला सांगितलं, "तुझ्या सहीने गल्ली गेली. आता हा गाळा राखायला तुझी सही हवी. कोर्टात बोलवलं तर यायचं."

तो म्हणाला, "येईन."

"शब्द देतोस?"

"नको. शब्द नको मागू. सहीच घे."

साक्षीदाराला मृत्युपत्रातले काही घेता येत नाही, असे वकीलबाई सांगतात. म्हणून चौथ्या कलमातली वाटी त्याला मिळणार नाही. ती फळीवरच राहील. त्याला हवी असेल तेव्हा त्याने दुकानात यावे, शनिवारी.

सही करण्याआधी तो आपणहून पहिल्या खुर्चीत बसला. माझा हात आता कापतो, म्हणून दाढी मुलीने केली. तिने त्याचीच वाटी काढली. निम्मी दाढी झाल्यावर तो आरशात बघून म्हणाला, "त्या मंगळवारी मी कचेरीत गेलो होतो." मुलीने वस्तरा थांबवला नाही. मी कोपऱ्यात बसलो होतो, मला ऐकू आले. मी त्याला माफ केलेले नाही, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

वर लिहिलेले सर्व मला वाचून दाखवले, मी ते ऐकले व समजले, आणि दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष सही केली.

सही : वस्तरा, न्हावी
साक्षीदार पहिला : मॉलमधील औषधाच्या दुकानातील कंपाउंडर
साक्षीदार दुसरा : साखऱ्या, पूर्वीचा हॉटेलवाला, नाका
ठिकाण : दुकानातच, आरशासमोर
दिनांक : १७ जानेवारी, शनिवार

ता. क. आज शुभकार्य नव्हते, त्यामुळे साखऱ्याकडून दाढीचे पैसे घेतले.