पातेल्यातला आवाज

प्रिय मानसी,

दिवाळीपासून हे पत्र टाळतेय. कधी पेन सापडेना, कधी ट्रेकवाल्यांची गर्दी. एकदा तर अर्धं लिहिलेलं पत्र माकडानं पळवलं आणि भिंतीवर बसून त्याच्या चिंध्या केल्या. बरंच झालं म्हण, त्यात तुझं फार कौतुक होतं. मेसेज केला असता, पण तू उत्तर आवाजातच पाठवतेस, आणि तुझा तो आवाजच मला सध्या नको झालाय. म्हणून कागद.

मी आता लोहगडवाडीत आहे. हौशीरामभाऊंच्या हॉटेलात राहते, सकाळी पोराटोरांना गडावर नेऊन आणते, दुपारी कांदे चिरते. त्याआधी पवनेच्या काठी तंबूंवर होते आणि त्याआधी लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात, ते तुला ठाऊक आहे. नवीन एवढंच, की हिमाचलातल्या एका कॅम्पवाल्यांनी बोलावलंय. पुढच्या आठवड्यात निघायचं, ते थेट पावसाळ्यापर्यंत. हे आईला सांगायचंय. नुसतं सांगायचं नाही, तिनं 'जा' म्हणायला हवंय. आजवर कुठंही जाताना विचारलं नाही, या वेळीच का अडलंय कोण जाणे. मन लावून ऐकेल तेव्हा ना, पण मध्ये तू बसलीयस.

कापणीला घरी गेले होते तेव्हाची गोष्ट. आमच्या शिवारात बायका आता गाणी म्हणत नाहीत, तू वाचलेल्या कादंबऱ्या ऐकतात. आईचा फोन चालू करून रिकाम्या पातेल्यात ठेवायचा आणि पातेलं बांधावर. आवाज असा घुमतो की विळ्यांच्या खसखशीतूनसुद्धा स्पष्ट येतो. शाळेत तुझा आवाज तिसऱ्या बाकापर्यंत पोचायचा नाही, धडा वाचायला बाई मलाच उभं करायच्या. मी बारावीत अडकले, तू स्टुडिओत जाऊन बसलीस, आणि आता अख्खं वावर तुला ऐकतं.

तुझ्या कंपनीला सांग, बायकांना काय हवंय ते आमच्या बांधावर येऊन विचारा म्हणावं. ते कराराच्या लग्नाचं प्रकरण संपलंय. श्रीमंत कारखानदार, गरीब पोरगी, आधी सही आणि मग प्रेम. नंदाबाई मावशी म्हणाली, "ह्या कारखानदाराला कामं न्हाईत का गं? सारखा हिच्याच मागं." मग खुनाच्या गोष्टी आल्या. त्या लय चालल्या, पण खुनी कोण ते मावशी आधीच सांगून टाकते म्हणून बायका तिला लांबच्या टोकाला उभी करतात. सासू-सुनेचं कोणी ऐकत नाही, ते घरीच आहे. आणि पाऊस-डोंगराचं वर्णन सुरू झालं की सगळ्या एका सुरात, "फुडं घे, पाऊस आमाला ठावं हाय." तू बिचारी घसा साफ करून एवढं धुकंबिकं वाचलेलं असतंस, आणि आई चिखलाच्या बोटानं ते उडवून टाकते. तेवढ्यापुरतं मला बरं वाटतं.

आता सध्या चाललीय ती तुझी सुमती. पंचावन्नाव्या वर्षी घर सोडणारी. म्हणे हल्ली सगळ्याच कादंबऱ्यांत बाया घर सोडतायत, कोणी खानावळ काढते, कोणी पोहायला शिकते. सुमतीनं पिशवी भरली त्या दिवशी आईचा विळा थांबला होता. डोळे पुसून म्हणाली, "काय धाडसाची बाई." मानसी, मी एकोणिसाव्या वर्षी पिशवी भरली तेव्हा हीच आई मला उनाड म्हणाली होती. सुमती कुठं जेवली, तिला गाडी मिळाली का, याची काळजी आमच्या चुलीपाशी रोज चालते. मी तंबूत महिनाभर तापानं फणफणले होते, ते तिला अजून माहीत नाही. तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. जेवताना म्हणाली, "मानसी कशी पोटातनं बोलते. लेकीसारखी वाटते." मी भाकरी तशीच ठेवून उठले. तर तिला वाटलं कालवण खारट झालंय.

आणि आता फोन. मी फोन केला की पातेल्यातली गोष्ट थांबते. मग सगळ्या ओरडतात, "काट गं, काट." आई कापते. संध्याकाळी करावा तर ती दुसऱ्या दिवशीच्या गोष्टीसाठी फोन चार्जिंगला लावून शेजारी गेलेली असते. आठवडाभर हेच चाललंय. तिच्या लेकीचा फोन कापला जातो, कारण तिथं लेकीसारखी कुणीतरी बोलतेय.

तर हे पत्र त्यासाठी. एक काम कर. सुमतीचा पुढचा भाग वाचशील तेव्हा अगदी सुरुवातीला, धुकंबिकं सुरू व्हायच्या आधी, एवढं म्हण : "रतनबाई, पिंकीचा फोन आला तर उचला." तुझ्या साहेबांना काय सांगायचं ते तू बघ. मला तुझ्याकडून हे मागताना किती जड जातंय ते तुला कळणार नाही, पण माझं न ऐकणारी माझी आई तुझं ऐकते.

एवढं लिहून सही करणार तोच भाऊंनी हाक मारली. चढावरून एक बाई येतेय म्हणाले, पिशवी घेऊन, दर दुकानात पिंकी कुटं हाय विचारत. आई आलीय, मानसी. पवनानगरच्या बाजारापलीकडं एकटी कधी न गेलेली माझी आई जीपनं खिंडीपर्यंत आणि पुढं चालत आलीय. फोन कुठंय विचारलं तर म्हणाली, "नंदाबाईकडं दिला, बायांचा खोळंबा नको." सुमतीची गोष्ट काल संपली म्हणे. शेवटी ती लेकीकडं न जाता कुठल्याशा आश्रमात गेली, ते आईला पटलं नाही. "आसं कुटं आसतं व्हय? लेक हाय ना तिला." म्हणजे आलीसुद्धा तुझ्याच गोष्टीवर रुसून. भाऊंनी चहा दिलाय तिला, तोवर हे चार शब्द. तिनं चपला काढून पाय पसरलेत आणि म्हणतेय, "बोल आता, तुजं काय काय झालं ते पयल्यापासनं सांग. फकस्त डोंगराचं नको सांगू, त्यो मी बघत आले."

तुझीच, अजून थोडी जळणारी,
पिंकी