रिमोट शिंप्याकडे आहे

बाबा,
टीव्हीचा रिमोट शोधू नका. तो रस्त्यावरच्या विजेच्या चौथ्या खांबाजवळच्या शिंप्याकडे आहे, चालत जाऊन घ्या. काल पावलं मोजायचं घड्याळ तुम्ही पंख्याला बांधलंत. व्यायामाच्या बाई म्हणाल्या, "एका दुपारात चाळीस हजार? ऑपरेशन पंख्याचं झालं नव्हतं."

पोटरी दुखली की थांबा, कळ गेली की पुढे निघा. दर खांबाशी घरातली एकेक खुर्ची ठेवलीय. तिसऱ्याशी सोफा आहे. म्हणजे आता बसायलासुद्धा बाहेरच पडावं लागेल.

पायाची रक्तवाहिनी पुन्हा बंद झाली, तर पाय वाचणार नाही. डॉक्टरांनी हे तुम्हाला नाही, मला सांगितलंय.

मी ऑफिसला गेलेलो नाही. शिंप्याकडे तुमची नवी पँट शिवायला टाकतोय. दोन्ही पायांची सांगितलीय. माप द्यायला या.