निंब घातलेली खळ

लातूर, १३ एप्रिल, दिवेलागण

आज आईवर उगाच ओरडले. जिल्हा झाल्यापासूनची ही पहिली जयंती, म्हणून गल्लीभर निळ्या पताका लावायच्या आहेत. ऑफिसातून येऊन मी कागद कापत बसले. आईने चिकटवायला पिठाची खळ शिजवली. दुकानातला डिंक तिला चालत नाही. खळ निवली तशी तिने बोट बुडवून चाटलं आणि म्हणाली, "लई गोड हाय. निंबाचा पाला आण."

"कशाला आता? घरात आपण दोघीच हाव ना!" माझा आवाज चढलाच.

ती स्वतःच उठली आणि पाला ओरबाडून आणला.

दुष्काळात, रेणापूरला असताना, माझा धाकटा भाऊ गोतम पताकांची खळ चाटायचा. भुकेलं लेकरू. सकाळी कागद सुटून दोऱ्या नुसत्याच लोंबायच्या. मग आईने खळीत निंबाच्या पाल्याचा कडू रस पिळला. तरी तो चाटायचाच, तोंड वाकडं करून. त्याच उन्हाळ्यात हगवणीने गेला. निंबाने नव्हे, डॉक्टर तसं म्हणाले होते. आईला ते कधी पटलं का? मी विचारलंच नाही.

पताका झाल्या. आवरताना बघते तर कोपऱ्यात, खाली जमिनीवर, खळीची एक वाटी. रस पिळायच्या आधीच काढून ठेवलेली. मी उचलायला वाकले.

आई म्हणाली, "राहू दे तिथं. त्यात निंब न्हाई."