सायकलला शिंगं

वाशीम, मंगळवार

प्रिय तनू,

फोनवर आपलं बोलणं होत नाही, म्हणून लिहायला बसले. होत नाही म्हणजे होतं, पण तिकडे तुझं नातवंड रडायला लागतं, इकडे माझा कुकर बोलावतो नाहीतर वॉर्ड, आणि 'नंतर करते गं' म्हणून दोघी सुटतो. शिवाय सध्या मी इतकी दमलेली असते की बोलायला लागले की चिडते. लिहिताना निदान खोडता येतं.

तू नागपूरहून पाठवलेले एरो बार कधीच मिळाले. अजून फ्रीजवरच आहेत. सासूबाईंना ते टीव्हीचं काहीतरी वाटतं, रोज फडक्यानं पुसून ठेवतात. एकदा किशनच्या सायकलच्या दुकानात घेऊन गेले होते. त्यानं दोन्ही दांडे उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाला, "सिस्टर, सायकलले शिंगं कायले लावून राह्यल्या? आपल्या इकडं बैलं कमी हायेत का?" मी त्याला समजावलं, की हे हँडलच्या मधून पुढे काढायचे, कोपरं या गाद्यांवर टेकवायची, हात पुढे जोडून धरायचे. अंग खाली जातं, वारा कमी लागतो. "आन् बिरेक?" ब्रेक मग हातापासून लांब राहतात, असं मी म्हटलं. त्यानं दांडे पुन्हा पिशवीत घातले. "घरी इचारून या," म्हणाला. आता या वयात घरी कुणाला विचारू? म्हणून तुला विचारते. लावू की नको?

लावावेत असं वाटायला कारणं आहेत. हात फार बधिर होतात गं. रविवारी सायकल झाली की सोमवारी बोटं माझी नसतातच. परवा एका म्हाताऱ्या बाईची शीर बोटाला लागेना. मी चाचपते आहे, ती बिचारी 'घाई नको करू माय' म्हणून मलाच धीर देते आहे. शेवटी शेजारच्या सिस्टरला बोलावलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत अशी लाज वाटली नव्हती. कोपरांवर भार गेला तर पंजे मोकळे राहतील, हे खरंच आहे.

आणि ती तीनशे किलोमीटरची राईड. अमरावतीहून निघून आपल्याच वाशीमला वळसा घालून परत जायची. आपण दोघींनी केली तेव्हा परतीला कारंज्यातच नेमून दिलेली वेळ संपली होती. आठवतं? कापूस बाजाराच्या फाटकाशी बसून आपण उरलेले शेंगदाण्याचे लाडू संपवले आणि कापूस उतरवून रिकाम्या निघालेल्या पिकअपमध्ये सायकली टाकल्या. हरलो होतो, पण तू गाडीत इतकी हसवत होतीस की ड्रायव्हर म्हणाला, "मले वाटलं तुमी लग्नाहून येऊन राह्यल्या." पुढच्या हिवाळ्यात दोघी मिळून पुरी करू, असं तेव्हा ठरलं. मागच्या वर्षी तू आली नाहीस आणि मी एकटीच गेले. परतीला शेलूबाजारच्या पुढे समोरून असा वारा सुटला की मी सायकलवर होते की भिंत ढकलत होते, कळेना. कारंजाही दिसलं नाही. यंदा जानेवारीत परत आहे.

पण न लावण्याचं कारण एकच आहे आणि ते या सगळ्याहून जड आहे. एरो बार ही एकट्यानं चालवणाऱ्याची वस्तू. ब्रेक हाताशी नसले की कुणाच्या चाकामागे चिकटून जाता येत नाही, आणि शहाणं माणूस आपल्यालाही मागे चिकटू देत नाही. ग्रुपच्या राईडमध्ये तर मनाईच. हा नियम तूच मला मोठ्यानं वाचून दाखवला होतास, आणि वर म्हणाली होतीस, "बरं झालं, आपल्याले लागतच नाई. तूच माह्या बार." तेव्हा बार लावले की आपली जोडी गेली. किशनला हे काय सांगणार? त्याला ब्रेकची काळजी.

आपलं कसं होतं, ते मी रोज आठवते असं नाही. पण वारा आला की आठवतं. एकीनं पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, दुसरीनं तिच्या मागे दम खायचा. पुढची थकली की बोलून उपयोग नसतो, वारा शब्द नेतो, म्हणून कोपर हलवायचं. अकोल्याच्या सायकलवाल्यांनी आपल्याला नुसतं जरासं झटकायला शिकवलं होतं. तू मात्र कोंबडीनं पंख आपटावेत तसं कोपर हलवायचीस. एकदा तर मागच्या ट्रकवाल्याला वाटलं तू त्यालाच पुढे बोलावतेस. तो हॉर्न वाजवत, हात जोडत गेला आणि आपण दोघी त्याच्या धुरात खोकत हसत राहिलो. मला ते कोपर दिसलं की मी काही न विचारता पुढे यायची. तुला खरंच दम लागलाय की उगाच, हे कधी विचारलं नाही. तूही मला विचारलं नाहीस.

हल्ली मी रिठदच्या बाजूला फारशी जात नाही. तुझे बाबा, दौलतरावकाका, भेटतात म्हणून. त्यांच्या मळ्यापाशी थांबले नाही तर त्यांना वाईट वाटतं, आणि थांबले की चहाबरोबर मेथीच्या दोन जुड्या येतात. माझ्या सायकलला कॅरिअर नाही हे त्यांना अजून पटलेलं नाही. मग पाठीवर मेथी बांधून मी वाशीमपर्यंत येते आणि रस्त्यानं लोक भाव विचारतात. पण चहा पिताना काका हमखास म्हणतात, "काय म्हणते वं आमची तनी? येते म्हणते का सायकल चालवाले?" मी म्हणते, हो काका, पुढच्या हिवाळ्यात. दोन वर्षं हेच. आता ते ऐकून घेतात आणि वांग्यांकडे बघतात. मला खोटं बोलल्यासारखं वाटतं, म्हणून तो रस्ताच टाळते.

सासूबाईही परवा म्हणाल्या, "थे तनुजा येऊन नाई राह्यली त तू एकटी कायले जातं वं? घरी पडून राह्य ना जराशी." खरंच पडून राहावंसं वाटतं, तनू. ड्यूटी, घर, पुन्हा ड्यूटी. आता बस करते. उद्या सकाळपाळी आहे.

रविवार

पत्र पडून होतं. मधल्या दिवसांत पोस्टात टाकायची हिंमत झाली नाही, कारण खरं लिहायचं ते राहिलंच होतं.

दिवाळीत तुझ्याकडे आले तेव्हा तू चहा करायला आत गेलीस आणि मी बाळाला घेऊन बाल्कनीत गेले. तुझी सायकल तिथे होती. दोन्ही चाकांत हवा नव्हती, आणि हँडलवर, सीटवर, मधल्या दांड्यावर लंगोट आणि झबली वाळत होती. फार छान वाळत होती. तू चहा घेऊन आलीस, मी पाहिलं हे तू पाहिलंस, आणि दोघी बाळाच्या दातांबद्दल बोलायला लागलो. निघताना तू म्हणालीस, "पुढच्या हिवाळ्यात नक्की." मी म्हटलं, नक्की. मग त्याच महिन्यात हे कुरियर आलं. आत चिठ्ठी नाही. मला आधी राग आला. वाटलं, जिला नियम पाठ आहे तिनं मला एकट्यानं चालवायची वस्तू पाठवली, म्हणजे परस्पर निरोपच दिला. तोंडानं 'येत नाही' म्हणायला काय झालं होतं हिला? तो राग फ्रीजवर ठेवला होता गं, बार नव्हते.

काल संध्याकाळी तो राग तसाच घेऊन किशनकडे गेले आणि बार लावून घेतले. आज सकाळी कारंज्याच्या रस्त्याला लागले. खरं सांगते, फार चांगले आहेत. अंग खाली गेलं, हात हलके झाले, रस्त्याकडेला तूर वाळत घालणाऱ्या बाया काम सोडून बघायला लागल्या. शेलूबाजारच्या पुढे तोच वारा आला. मी मान खाली घालून रेटत राहिले, रेटत राहिले, आणि दम संपला तेव्हा माझं उजवं कोपर गादीवरून आपोआप उठलं. सायकल गेली वाकडी. तुरीच्या ढिगात शिरता शिरता वाचले. उतरले, बाजूला दगडावर बसले आणि मोठ्यानं रडले. एक बाई पाणी घेऊन आली. "लागलं का वं माय?" मी नाही म्हटलं. लागलं नव्हतंच. फक्त मागे कुणी नव्हतं.

तिथे बसूनच मला ते कळलं, आणि त्यासाठी हे पत्र पुरं करते आहे. बार लावू की नको, हे आता विचारायचं राहिलेलं नाही. जानेवारीच्या राईडला मी माझं एकटीचं नाव दिलं आहे. तू मला निरोप दिला नव्हतास. तू दमलीस, बोललीस तर ऐकू जाणार नाही असं तुला वाटलं, म्हणून बार पाठवून आपली नेहमीची खूण केलीस. मीच ती महिनाभर फ्रीजवर ठेवली. आता पुढचा हिवाळा म्हणू नकोस, काकांना मी सांगते, आणि झबली आहेत तिथेच वाळू देत. तू कोपर हलवलंस ते मला दिसलं, तनू. मी पुढे जाते.

तुझीच,
रूपा