अर्ध्यावरचं आमेन

रविवार, २ मार्च

आज पाळकसाहेब उपदेशात मेंदूवर बोलले. म्हणे मेंदू उतारवयातही बदलतो, त्याला न्यूरोप्लास्टिसिटी म्हणतात. जो विचार रोज करावा त्याची आत वाट पडते, गवतात पायवाट पडते तशी. देव मन नवं करतो, पण रोज चालायचं आपणच. झकास! अर्धी मंडळी पेंगत होती, मी टिपून घेतलं.

ठरलं. धाकट्या भावाला क्षमा करायची. ही म्हणाली, भावजी महिनाअखेरीला बिऱ्हाडासकट परदेशी चाललेत, कायमचे. एक फोन करा आणि मोकळे व्हा. फोनने कुठे वाट पडते? मेंदू घडवावा लागतो.

सोमवार, ३ मार्च. सकाळी सहा.

पद्धत माझी स्वतःची. आधी अपराध नीट आठवायचा, मग क्षमा करायची. माझं चष्म्याचं दुकान आहे. नंबर तपासल्याशिवाय मी कुणाला काच बसवून देत नाही.

अपराध असा. आईची स्मरणसभा. मी थोरला, म्हणून प्रार्थना माझ्याकडे. आईच्या शिवणकामापर्यंत आलो, जरा खोकला आला, थांबलो. तेवढ्यात हा शहाणा मागून खणखणीत म्हणाला, आमेन. झालं! सगळे आमेन म्हणून खाली बसले. माझी प्रार्थना अर्ध्यावर. त्याला दोन वर्षं झाली, मी त्याच्याशी एक शब्द बोललेलो नाही.

क्षमेपर्यंत येईस्तोवर दुकानाची वेळ झाली. उद्या करू.

शुक्रवार, ७ मार्च

प्रगती जबरदस्त. आता आठवायला अजिबात कष्ट पडत नाहीत. आज त्याचा शर्टसुद्धा आठवला. निळा. आमेन म्हणण्याआधी त्याने घड्याळ बघितलं असावं. बघितलंच.

क्षमा राहिली. आंघोळीचं पाणी निवत होतं.

गुरुवार, १३ मार्च

दुकानात एक बाई नंबर तपासायचा तक्ता वाचत होत्या. चौथ्या ओळीला म्हणाल्या, झालं ना? मी म्हणालो, अर्ध्यावर उठायची खोडच असते काही लोकांना. बाई चष्मा न घेता गेल्या. जाईनात का!

ही म्हणते, क्षमा राहिली बाजूला, तुमचा राग दिवसेंदिवस बाळसं धरतोय. हिला न्यूरोप्लास्टिसिटी कळत नाही.

शनिवार, २२ मार्च

पाळकसाहेब चष्म्याची काडी बसवायला आले. त्यांना पद्धत समजावली. ते म्हणाले, तुम्ही रोज अपराधाच्याच वाटेवर फेऱ्या मारताय. क्षमेकडे एक पाऊल टाका, लटपटत का होईना, पुढचं देव बघेल.

माणूस देवासारखा, पण विषय कच्चा. स्वतःच्याच उपदेशाचा अर्थ लागत नाही, याला काय म्हणावं!

रविवार, ३० मार्च. दुपार.

धाकटा निरोप घ्यायला आला. बायकामुलं खाली टॅक्सीत. दारातच म्हणाला, "दादा, प्रवासासाठी प्रार्थना करशील?"

संधी चालून आली! डोळे मिटले. प्रवासापासून सुरुवात केली. पण मेंदू तयारीचा, आपोआप रुळलेल्या वाटेला लागला. स्मरणसभा, निळा शर्ट, घड्याळ, कसं सगळं ओघात आलं, कुठे अडखळलो नाही. खालून हॉर्न वाजला. या खेपेला कुणी मध्ये आमेन म्हणालं नाही. म्हटलं, आली अक्कल. पुन्हा हॉर्न. कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला, जरा वेळ ठेवला, मग काढला. मी थांबलो नाही.

मग क्षमा आली. ती समोरासमोर करावी म्हणून डोळे उघडले. समोर ही एकटीच उभी, डोळ्यांना पदर लावून.

क्षमा अगदी तोंडावर आली होती. विमान काय माझ्या हातात आहे?

त्याच दिवशी, संध्याकाळ

विमानतळावरून त्याचा फोन आला. हिने माझ्या कानाला लावला. तो म्हणाला, "दादा, त्या दिवशी तुझा आवाज फुटला होता. सगळ्यांसमोर रडशील, म्हणून मी आमेन म्हटलं. आज म्हणायची हिंमत झाली नाही." मी खाकरलो. तेवढ्यात त्यांना आत बोलावलं.

काहीतरीच! आवाजबिवाज फुटला नव्हता. खोकला होता तो. हिला साक्षीला बोलावलं. ही म्हणाली, खोकल्याला रुमाल तोंडाला लावतात, डोळ्यांना नाही.

घरचीच माणसं फितूर.

सोमवार, ३१ मार्च. सकाळी सहा.

सराव मोडायचा नाही. डोळे मिटले. शर्ट काही आठवेना. घड्याळही दिसेना. आईचं शिवणकाम आलं आणि पुन्हा तो मेला खोकला आला. थांबेचना.

बराच वेळ तसाच उभा होतो. मागून आमेन म्हणायला कुणी नव्हतं.