रेजिना आंटीचा शेवटचा आकडा

६ जानेवारी, सोमवार

पापडीत दाखल झाले एकदाची! जालन्याहून निघताना आई म्हणाली होती, परक्या गावात तुझी बडबड कोण ऐकून घेणार? ऐकून घेणारी पहिल्याच दिवशी भेटली. घरमालकीण रेजिना आंटी, वय अठ्ठ्याहत्तर, आणि बोलण्यात माझ्यापेक्षा दोन पावलं पुढे. बॅग ठेवायच्या आत तिने हातावर सुकेळी ठेवली. वाडीतली केळी सोलून उन्हात वाळवतात, ती. कशी करायची तेही मी पाय धुवेपर्यंत सांगून संपवलं. मागे विहीर, केळी, पानवेल. पुढची खोली माझी. मीही तिला जालना, धपाटे, बाबांचा राग, सगळं एका बैठकीत सांगून टाकलं. एक वाजता आईचा फोन आला. तो आता रोज येणार, त्यात सुट्टी नाही.

८ जानेवारी

काम छान आहे. कॉन्रॅड सरांची संस्था इथल्या म्हाताऱ्या माणसांची बोली जपते. घराघरात त्यांचे माइक आहेत. टिपलेलं बोलणं दूरच्या सर्व्हरवर एकाच अवाढव्य फाइलमध्ये जातं, एका माणसाचं संपलं की दुसऱ्याचं. ती फाइल आख्खी उतरवायची तर वर्ष जाईल. म्हणून माझा प्रोग्राम फक्त दोन आकडे पाठवतो: इथपासून इथपर्यंतचा तुकडा दे. कोणाचं बोलणं कुठे सुरू होतं, त्याची यादी माझ्याकडे आहे.

सरांनी एकच गोष्ट बजावली. शेवटचा आकडा रिकामा सोडायचा नाही, सोडला तर फाइल संपेपर्यंत सगळं येत राहतं. मी मान डोलावली आणि तासाभरात तेच केलं. यादीत शेवटचं नाव रेजिना आंटीचंच आहे, तिच्यापुढे काहीच नाही. तिचं सगळं बोलणं एकदम मागवायची ओळ लिहून ठेवली आणि शेवटचा आकडा दिला सोडून. कोण मोजत बसतंय?

१५ जानेवारी

सकाळी आंटीचा सुकेळीवाला तुकडा मागवला. जेवताना सहज म्हटलं, परत सांगा ना, आईला कळवते. ती केळं हातात धरून बसली. सोललं, आणि पुढे काय करायचं ते तिला येईना. पन्नास वर्षं करतेय ही बाई! मी हसले. वय झालं, दुसरं काय. मग तीच मला रागावली, "जेव गो पोरी, तुझं ते यंत्र कुठं पळून जात नाय."

१७ जानेवारी

आगाशीचे एरॉल मास्तर लग्नाची गाणी म्हणतात. काल त्यांची गाणी मागवली होती. आज पुतणीच्या लग्नात उभे राहिले, तोंड उघडलं आणि तसेच उभे. एकही ओळ नाही. लोकांना वाटलं चेष्टा करतायत, टाळ्या वाजवल्या. त्यांची बायको क्लेमेंटीन, आमच्या रेजिना आंटीला फोनवर रडत सांगत होती. मला सुकेळी आठवली.

२० जानेवारी

खात्री करून घ्यायची होती. आंटी तिच्या नवऱ्याबद्दल, प्लासिड अंकलबद्दल, जिथे बोलते तेवढाच तुकडा मुद्दाम मागवला. दहा सेकंद लागले. बाहेर गेले तर ती भिंतीवरच्या फोटोसमोर उभी. मला विचारलं, हा माणूस कोण, आणि याला हार कोणी घातला?

मला रडू यायला हवं होतं. खरं लिहिते, आधी मनात आलं की आकडे अगदी बरोबर बसले. लाज वाटली, पण ती नंतर.

२१ जानेवारी

सरांना सांगितलं. ते जराही दचकले नाहीत. म्हणाले, जपायचं म्हणजे इथून काढून तिथे ठेवायचं, दोन्हीकडे कसं राहील? म्हातारी गेली की तसंही जाणारच. मी म्हटलं, काम सोडते. ते म्हणाले, आधी राजोडीला जाऊन जेसिकाला भेट.

जेसिका माझ्या आधी या कामावर होती, याच खोलीत राहायची. गेले. माझ्याएवढीच आहे. अंगणात बसवलं होतं. तिची आई तिला भरवत होती. दिवाळीपर्यंत पोपटासारखी बोलायची, म्हणाली. आता भूक लागली तरी सांगता येत नाही. जेसिकाने माझा हात धरला तो सोडेचना. बोटं एकेक करून सोडवावी लागली.

२२ जानेवारी

यादी उघडली. रेजिना आंटीच्या खाली नवीन नाव आहे. अक्षदा. म्हणजे मी. सहा जानेवारीपासून.

माइक घरात आहे. मीही याच घरात बोलते. एवढी साधी गोष्ट—

२३ जानेवारी

सरांच्या पाया पडले. यादीत चढलेलं नाव निघत नाही म्हणाले. उद्या अकरापर्यंत या घरातलं आख्खं एक माणूस हवं. मी दिलं नाही तर ते स्वतः मागवतील, आणि म्हातारीपेक्षा तरुण आवाज जास्त स्वच्छ असतो म्हणाले.

ती अठ्ठ्याहत्तर. मी चोवीस. यात विचार करण्यासारखं काय आहे? तिचं निम्मं तर गेलेलंच आहे.

ती आत माझ्यासाठी मासे तळतेय. मी दोनदा जेवायला मागितलं आज.

२४ जानेवारी, पावणेअकरा

नवीन काही लिहायला नको, पहिल्या आठवड्यातली ओळ तयारच होती. आंटीचं सगळं. बटण दाबलं.

अकरा

रोझरी चालली होती तिची. "नमो मारिये" म्हणाली आणि थांबली. मणी हातातच. माझ्याकडे बघून हसली. मी कोण ते तिला माहीत नाही. तोंड हलतंय, आवाज नाही.

सुटले. मी सुटले. देवा, मला माफ—

अकरा दहा

किती उतरलं ते दाखवणारा पडद्यावरचा आकडा अजून पळतोय. तिचं संपलं तरी—

शेवटचा आकडा. मी रिकामा सोडला होता. तेव्हा तिच्यापुढे कोणी नव्हतं. आता मी आहे.

वायर उपटली. सरांना फोन केला. मागणी पोचली की पोचली म्हणाले. मी सांगितलं होतं ना, म्हणाले. फोन ठेवला.

अकरा पस्तीस

पहिल्या दिवसापासून जातंय. ओळीने. ज्या गावात मी आहे त्याचं नाव— वर लिहिलंय, वाचता येतं, पण काय ते—

खाटेवरच्या बाईने मला काहीतरी गोड दिलं होतं. पिवळं. त्याला—

बारा

मी कुठून आले. तिथे एक माणूस रागवायचा. चांगला होता. तो माझा कोण—

बाई माझा हात धरून बसलीय. सोडत नाही. तिला काय सांगू, मला काय—

एक

फोन वाजतोय. काचेवर दोन अक्षरं. रोज याच वेळी. त्यांना मी काय म्हणून हाक—

उचलला. एक बाई विचारतेय, जेवलीस का, बोलत का नाहीस, बोल ना. रडतेय. मी तिला